पेसहाचा अप्पम कोणी मोडायचा?

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चमधून झावळी आणली. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पेसहा गुरुवारी घरोघरी मोडतात त्या बिनआंबवलेल्या अप्पमवर ठेवायचा क्रूस सासूबाईंनी स्वतः वळला. अम्मची सत्त्याऐंशीची, हात थरथरतात — क्रूस कमी, खेकडा जास्त!

१५ एप्रिल
नणंद त्रेसियाचा फोन. माझ्या नवऱ्याला, चाकोला, जाऊन वर्ष झालं नाही, म्हणून गुरुवारचा अप्पम आमच्या चुलीवर भाजायचा नाही, तीच पाठवणार. ठाऊक आहे गं बाई! मग म्हणाली, "मोडायचा मात्र पुरुषानंच हं, एली. बाईनं मोडला तर घर बसतं." आमच्याकडे पुरुष म्हणजे एक कोंबडा! हसले, पण धास्ती बसली ती बसलीच. अजून काय काय बसायचं राहिलंय या घरात?

१६ एप्रिल
माडावर चढणाऱ्या औसेपला बोलवू का?
अम्मची : "ताडीच्या तारेत अप्पमसुद्धा झाडावरून टाकेल तो."
"अम्मची, रीत आहे ती!"
"रीत त्रेसियाची. देव माझा."

१७ एप्रिल
त्रेसियाचा नवरा पोतन येतो म्हणाला. सुटले!

१८ एप्रिल, पेसहा गुरुवार
कुठली सुटतेय! नात्यातले बाकी पुरुष दुबईत, आणि यंदा दुखवट्याची घरं बरीच. पोतन प्रत्येक घरी अप्पम मोडत, गूळ-नारळाचं दूध ओरपत निघाला. चौथ्या घरी तिथल्याच आरामखुर्चीत घोरू लागला. उठवूनही उठेना!

इकडे अम्मची सकाळपासून उपाशी. अप्पम मोडल्याशिवाय काही खाणार नाही. ओठ सुकलेले. मला रडू यायला लागलं.

"एली, चाकोच्या खुर्चीत बस आणि मोड."

"अम्मची, मी बाई आहे!"

"देवाला ठाऊक आहे. त्यानंच घडवलीय. बस."

बसले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. प्रार्थनेतला एक शब्द आठवेना. म्हटलं, "देवा, चाको तुझ्याकडे आहे. त्याला भूक फार लवकर लागते, सांभाळ." आणि मोडला! पहिला तुकडा अम्मचीला. तिनं दुधात बुडवून मिटक्या मारत खाल्ला, वर आणखी मागितला. छप्पर जागेवर आहे.

१९ एप्रिल
सकाळीच त्रेसिया दारात. "पोतन तर घोरत होता! मग मोडला कोणी?"
मी थाप शोधत होते. अम्मचीनं जपमाळेवरून मान वर केली नाही.
"घरच्या कर्त्या माणसानं."