सोफ्यासाठी सोडलेली भिंत

१२ जानेवारी

चि. टिल्लूस, ताईचे अ. उ. आ.

वि. वि. खोलीत राहायला आले. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये उभी हयात गेली, पण तिथलं काहीच माझं नव्हतं हे निघताना कळलं. खाट, टेबल, स्टूल, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नंबर. शिपायाने एकेक ताब्यात घेतलं आणि मी ट्रंक उचलून बाहेर पडले. निवृत्त नर्सची वरात!

खोली दुसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाची. रिकामी इतकी की मी शिंकले तर तीही शिंकते. पेन्शनमध्ये नवं सामान कुठलं परवडायला? जुन्या बाजारात गेले. दुकानदाराने खाट एकेरी हवी की दुहेरी, असं विचारलं. एकेरी म्हटल्यावर म्हणाला, ती महाग पडेल. दुहेरी पलंग ढिगाने येतात, लोकांचे संसार मोडतात ना. मी तरी एकेरीच घेतली. कपाट घेतलंय, त्याच्या आरशात माणूस बुटकं दिसतं. तू पाहिलंस तर एवढा ताडमाड वाढूनही तुझं नाव सार्थ होईल.

खुर्ची एकच आणली. परवा घरमालकीणबाई आल्या आणि तुम्ही बसा, नाही तुम्हीच बसा करत दोघीही उभ्याच राहिलो. त्या गेल्यावर लक्षात आलं, माझ्याकडे इतक्या वर्षांत बसायला कुणी आलंच नव्हतं. ड्यूटीवर बोलवायला यायचे, ते दारातूनच.

सुट्टीत तिघंही या. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई

२६ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

वि. वि. पत्र वाचून हिला आणि तुझ्या भाचीला हसू आवरेना. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा सारख्या केल्यास, आता स्वतःच्या खाटेवर खुशाल लोळ.

इकडेच आली असतीस तर बरं झालं असतं. पण भाचीची परीक्षा, तिला आतली खोली दिलेली. हॉलमध्ये तुझी आबाळ झाली असती, असं हीसुद्धा म्हणत होती.

एक मात्र कर, बसायला काही विकत घेऊ नकोस. आम्ही नवा सोफा घेतोय. जुना तिघांना ऐसपैस पुरतो, तो तुला. टेम्पोत त्याच सोफ्यावर बसून मीच येतो, राजासारखा!

धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

तुझा टिल्लू

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

वि. वि. अरे, केवढं बरं वाटलं! कपाट कोपऱ्यात रेटून लांब भिंत तुझ्या सोफ्यासाठी मोकळी केली. घरमालकीणबाईंना सांगून ठेवलंय की भाऊ येणार आहे, गेट उघडं ठेवा. सोफ्याचा रंग कळव, पडद्याचं कापड जुळवून घेईन.

वाट पाहणारी ताई

१ मार्च

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

वि. वि. पत्र नाही, जिवाला घोर लागलाय. सगळे बरे आहात ना? दुकानदार वेताच्या दोन खुर्च्या स्वस्तात देत होता. माझा सोफा वाटेत आहे, असं सांगून टाकलं. खाली टेम्पो थांबला की मी गॅलरीत. काल कुणाचा तरी फ्रिज उतरला.

सवडीने ये, पण दोन ओळी टाक.

ताई

१७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

वि. वि. कसं लिहू कळेना, म्हणून उशीर. नवा सोफा आला त्या दिवशी मी कामावर होतो. हिच्या भावाने घर घेतलंय, तो जुना सोफा घेऊन गेला. संध्याकाळी कळलं तेव्हा मी गप्प बसलो. घरात वाद नकोत, एवढंच. पैसे पाठवू का? रजाही मिळत नाही.

रागावलीस तरी चालेल, परकी होऊ नकोस.

टिल्लू

५ एप्रिल

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

वि. वि. पैसे नकोत. खोटं कशाला बोलू, पत्र आलं त्या दिवशी भिंतीकडे पाठ करूनच बसले. सोफ्याचं एवढं नव्हतं रे. तू येणार होतास.

मग बाजारात जाऊन एका बंद पडलेल्या सलूनमधलं लांबलचक बाकडं घेतलं. हमालांनी वर आणलं, उभं केलं, आडवं केलं, पण दारातून आत जाईना. खाली न्यायला ते तयार नव्हते. शेवटी दाराबाहेरच, जिन्याच्या वळणावर भिंतीला लावून ठेवलं. स्वतःच्या अकलेला हात जोडले आणि दार लावून घेतलं.

काल बाहेर कुणाला तरी धाप लागल्याचं ऐकू आलं. वरच्या मजल्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा बाकड्यावर टेकले होते. पाणी दिलं. ते म्हणाले, दरवर्षी हा जिना कुणीतरी लांबवतंय. मी हसून आत वळले, तर घरात कुणी खोळंबलंय का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग बसा की, म्हणाले. माझ्याच बाकड्यावर मला बसवलं बघ!

फार काही बोललो नाही. उन्हाळ्याचं, गुडघ्यांचं, एवढंच. इतक्यात शेजारच्या खोलीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन वर आल्या. आमची कधी ओळखदेखही झालेली नाही. गाठोडं खाली ठेवून घाम पुसला आणि मला म्हणाल्या, जरा सरका हो.

दार लावलं की आत अजून तीच शांतता आहे, टिल्लू, नाही कशाला म्हणू? पण काल मी सरकले.

रजा मिळो न मिळो, पत्र चुकवू नकोस.

तुझीच ताई