ड्रमभोवती एकशे आठ

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल, अशी आशा आहे. नसेल, तर जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, ही मागच्या पत्रातली सूचना अजून लागू आहे.

आता एक कोडं. स्टीलच्या चमच्याच्या खोलगट बाजूत आपण उलटे दिसतो आणि फुगीर बाजूत सुलटे. हे तूही पाहिलं असशीलच. (लहानपणी मी याचं कारण विचारलं, तेव्हा उलटी दिसणारी मुलं नापास होतात, असं तू मला सांगितलं होतंस. त्यानंतर दोन वर्षं मी चमचा पालथा धरून जेवत होते. अर्धं जेवण मांडीवर सांडायचं, पण नापास झाले नाही.) त्या चमच्यापासूनच दुर्बिणीचा आरसा स्वतः घडवायचं माझ्या डोक्यात बसलं. फोनवर तू म्हणालीस, "नोकरी, पोर, देव आणि ती काच! अगं, एक तरी धड कर." तुझा हा आक्षेप सविस्तर उत्तराला पात्र आहे, म्हणून हे पत्र.

प्रथम कृती समजून घे. आमच्या मागच्या गॅलरीत एक लोखंडी ड्रम आहे. त्यावर एक जाड, गोल, सपाट काच घट्ट बसवलेली आहे. तिच्यावर काच झिजवणारी ओली घासपूड पसरायची, वर तशीच दुसरी काच ठेवायची आणि ती पुढेमागे ढकलायची. सहा वेळा ढकललं की हातातली काच थोडी फिरवायची, आपण ड्रमभोवती एक पाऊल डावीकडे सरकायचं आणि पुन्हा सहा वेळा ढकलायचं. आणि आता गंमत बघ: दोन्ही काचा सपाट असूनही काही दिवसांनी वरची आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर! वरची काच पुढे सरकली की तिची कड अधांतरी राहते आणि सगळा भार तिच्या मध्यावर व खालचीच्या कडेवर पडतो. म्हणून एकीचा मध्य झिजतो आणि दुसरीची कड. खोलगट झालेली वरची काच, तोच आपला आरसा. मला हे पहिल्यांदा उमगलं, तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली होती. (काच तेव्हा हातात होती. ती माझ्या पायावर पडली, म्हणून वाचली.)

पूड टप्प्याटप्प्यानं बारीक करत न्यायची आणि प्रत्येक टप्प्याआधी सगळं धुऊन काढायचं. बारीक पुडीत जाड पुडीचा एक कण जरी आला, तरी ओरखडा पडतो आणि मागच्या टप्प्यावर परतावं लागतं. हा कण लक्षात ठेव.

वेळेची व्यवस्थाही मी पद्धतशीर लावली. नामस्मरण रोज एकशे आठ वेळा करायचं, हा आईनं घालून दिलेला नियम. मग प्रत्येक घासणीला एक नाम घेतलं, तर सहा सहाच्या अठरा पावलांत देव आणि काच दोन्ही पार पडतात. मोजायला तुझी भाची. ती पिठाच्या डब्यावर बसून मोठ्यानं आकडे म्हणते, म्हणजे तिचा अभ्यासही त्यातच. एका फेरीत तीन कर्तव्यं! आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, "ड्रमलाही चहा आणू का?"

या पद्धतीत एक दोष निघाला, तो लपवत नाही. सवय अंगात मुरली. तू जाणतेस की दुकानांतले वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. मागच्या महिन्यात एका वाण्याच्या काट्यावर मी सहा वजनं ठेवली आणि नकळत डावीकडे सरकले. पुन्हा सहा, पुन्हा एक पाऊल. वाणी काही वेळ पाहत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "मॅडम, आम्ही कुठल्या बाजूनं फिरायचं?" मी हिशेबात गुंतले होते, म्हणून नुसती मान हलवली. तोही माझ्यामागून फिरू लागला. पुढच्या आठवड्यात पाहते तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी काटे दुकानाच्या मधोमध आणून भोवती जागा मोकळी केलेली! हे कोणत्या नियमानुसार, असं साहेबांनी लेखी विचारलं आहे. उत्तराचा मसुदा चालू आहे.

सभागृहातल्या सामूहिक प्रार्थनेतही मी डोळे मिटून खांबाभोवती निघाले. डोळे उघडले, तेव्हा मागे चार बायका होत्या आणि त्यांपैकी एकीला फरक जाणवू लागला होता. भाचीची वेणी घालतानाही तेच होतं. सहा वेळा फणी, एक पाऊल. वेणी उजव्या कानामागून निघून डाव्या खांद्यावर येते. ती म्हणते, "आई, तू उभी राहा, मीच फिरते."

एवढं सोडलं, तर सगळं धड चाललं आहे. सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. १ : सगळं धड चाललेलं नाही. मंगळवारी आरशावर ओरखडा पडला, मधोमध, बोटभर लांब. आता चाळीस तासांचं काम नव्यानं करायचं आहे. भाचीच्या आठव्या वाढदिवशी तिला चंद्रावरचे खड्डे दाखवायचं मी कबूल केलं आहे. त्याला पाच आठवडे उरलेत. आठवड्याला पाच तास मिळतात. म्हणजे पंधरा तास कमी पडतात. तेव्हा पत्राचं खरं कारण असं की सुट्टीत पंधरा दिवस तिला तुझ्याकडे नेशील का? दरम्यान, एक तरी धड कर, या तुझ्या म्हणण्यावर मी विचार करते आहे. काच कपाटात ठेवून द्यावी, इथपर्यंत आले आहे.

ता. क. २ : वरचा मजकूर तिनं वाचला. (पत्र उघडं टाकणं ही माझी चूक.) पिठाच्या डब्यावर जाऊन बसली. मग म्हणाली, "जाड पूड मी टाकली. चिमूटभरच."
का, असं विचारलं.
"तू म्हणालीस ना, आता थोडंच राहिलंय. मग संपल्यावर मी काय मोजू? बाकीच्या वेळी तू नुसतं 'थांब गं' म्हणतेस."
ताई, हा कण माझ्या यादीत नव्हता. मी त्या तासाला एकात तीन कामं समजत होते. तिच्या लेखी तो एकच होता, आणि तोच तिचा होता. काच कपाटात जाणार नाही. तिला नेऊ नकोस. तूच ये आणि पंधरा दिवस स्वयंपाक सांभाळ. पूड धुणं आता तिच्याकडे आहे. ती माझ्यापेक्षा कडक धुते. खड्डे नवव्या वाढदिवशी दिसले तरी चालतील, असं तिनं स्वतः सांगितलंय.

ता. क. ३ : नापास होण्याबद्दल तू सांगितलेलं अजून तपासायचं राहिलं आहे. चमच्याच्या खोलगट बाजूसमोर बोटाचं टोक धर. उलटं दिसेल. मग ते हळूहळू जवळ ने. अगदी टेकायच्या आत एका जागी ते फुगेल, विस्कटेल आणि एकदम सुलटं होईल. ती जागा सापडली, तर पिशवी भरायला घे. नाही सापडली, तर चमचा घेऊनच ये. भाची दाखवेल.