विसावा लॉजमधल्या आधुनिक सुखसोयी

५ एप्रिल १९६०, मंगळवार
सासरे, म्हणजे अप्पा, आंब्यांचं बघायला सकाळी रत्नागिरीला गेले. महिनाभर दादरचं ‘विसावा लॉज’ माझ्या ताब्यात. जाताना म्हणाले, आहे तसं सांभाळा, जावईबापू. आल्यावर लॉज कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवणार आहेत. ठरवायचं काय त्यात? त्यांना मुलगी एकच, कालिंदी. आणि तिला नवरा एकच, मी.

आहे तसं सांभाळायला मी काय पहारेकरी आहे? एक मे रोजी महाराष्ट्र राज्य येतंय. गावोगावचे लोक सोहळ्याला शिवाजी पार्कात येणार. नव्या राज्यात जुनं लॉज? छे!

मागे ऑफिसच्या कामासाठी फोर्टमधल्या एका बड्या हॉटेलात गेलो होतो. लाउंजमध्ये थोडा वेळ बसवलं होतं. मंद उजेड, बुटके सोफे, जाड पडदे. इंटिरिअर डेकोरेशन मला तेवढ्यात समजलं.

७ एप्रिल
सगळ्या खोल्यांतल्या खुंट्या उपटल्या. भिंत क्लीन हवी. मग कपडे कुठे टांगायचे, असं कालिंदीनं विचारलं. बायकांना एकदम डिटेलमध्ये शिरायची सवय.

संध्याकाळी: सगळ्यांची धोतरं खिडकीच्या गजांवर. रस्त्यावरून लॉज लाँड्रीसारखं दिसतं. तात्पुरतं आहे.

१२ एप्रिल
भिंतींना चॉकलेटी रंग. मोठे बल्ब काढून बारीक लावले. डोळ्यांना फार शांत वाटतं. जिन्यात दोनदा ठेचकाळलो. सवय होईल.

१३ एप्रिल
बाबुराव आमचे कायमचे बोर्डर, परळच्या गिरणीत हेडक्लार्क. दाढी करताना त्यांची अर्धी मिशी उडाली. म्हणे आरशात नुसता अंधार दिसत होता. उरलेली अर्धीही काढा, मिशी हल्ली मॉडर्न वाटत नाही, असं सुचवलं. चहा न घेताच गेले. स्वभाव एकेकाचा!

१९ एप्रिल
बुटका सोफा आला. सुतारानं दोनदा विचारलं, साहेब, इतका खाली? बाबुराव बसले ते उठेचनात. शेवटी मी आणि स्वयंपाकाच्या सुंदराबाईंनी दोन्ही हातांना धरून ओढलं. बसलेल्याला उठताच येऊ नये, याहून गेस्ट कम्फर्ट तो काय!

निश्चय: रोज पहाटे उठून सर्व खोल्यांची पाहणी.

२० एप्रिल
उठायला उशीर झाला. उद्यापासून.

२४ एप्रिल, रविवार
गिरगावात बंद पडलेल्या नाटक कंपनीचे मखमली पडदे मिळाले. जांभळे, झालर लावलेले! सगळ्या खिडक्या झाकल्या. या उकाड्यात मखमल? कालिंदीचा प्रश्न. तिला अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे काय ते समजावलं. ऐकता ऐकता पदरानं वारा घेत होती.

२६ एप्रिल
बोर्डर लोक खाजवताहेत. घामोळं असावं.

२७ एप्रिल
घामोळं नाही, ढेकूण. पडद्यांतून आले, असं सुंदराबाई म्हणतात. पुरावा काय? बाबुराव ट्रंक घेऊन भाच्याकडे घोडपदेवला गेले. एका अर्थी बरंच झालं, सोहळ्यासाठी खोली मोकळी झाली.

२९ एप्रिल
बेळगावचे सीतारामपंत उतरलेत. निवृत्त शिक्षक, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंग भोगून आलेले. एकटेच आहेत. त्यांना भिंत, सोफा, पडदा, सगळ्यांमागचा विचार समजावला. एका शब्दानं मला अडवलं नाही. अखेर एक जाणकार भेटला.

संध्याकाळी पुन्हा जाऊन उरलेलं समजावलं.

३० एप्रिल
रस्ताभर रोषणाई. सगळं दादर शिवाजी पार्काकडे निघालेलं. पंत मात्र अंधारात पलंगावर बसून. डोळ्यांत पाणी. पडद्यांचा परिणाम इतका होईल असं मलाही वाटलं नव्हतं. म्हटलं, “भारावलात ना?”

“मुंबई मिळाली, आनंद आहे,” म्हणाले. “आमचं बेळगाव बाहेरच राहिलं हो.”

ही खोली पूर्वेकडची आहे, असं सांगितलं.

कालिंदी दारात उभी होती. आत आली, पडदा दोन्ही हातांनी खाली ओढला, खिडकी सताड उघडली. लेझमाचा आवाज एकदम आत आला. म्हणाली, “काका, मिळालंय ते आज बघून घेऊ. राहिलंय त्यासाठी उद्या भांडू. चला, मी येते बरोबर.”

पंतांनी टोपी घातली. दोघं गेली. मी पडद्याची घडी घालत बसलो. खोलीत वारा फार छान येतो, हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

१ मे, रविवार
महाराष्ट्र झाला! कालिंदीनं सगळे पडदे गच्चीवर उन्हात टाकले, पलंगांवर उकळतं पाणी ओतलं. देखरेख माझी. सुंदराबाईंनी पेढे वाटले. पंत खिडकीशी अप्पांच्या आरामखुर्चीत दुपारभर गाढ झोपले. मी बोलायला गेलो होतो, कालिंदीनं दारातूनच परत पाठवलं.

२ मे
अप्पा अचानक हजर. भिंतींकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं. पंत निघाले होते. त्यांची वळकटी माझ्या हातात. अप्पांनी विचारलं, काही गैरसोय?

“छे हो! तुमच्या लेकीनं पोटच्या पोरीसारखं बघितलं.”

“आणि आमचे जावई?”

पंत गोंधळले. “त्यांची काही भेट झाली नाही बुवा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोबत काय ती या गृहस्थांची. बिचारे सारखे खोलीत येऊन बसायचे. कुठले हो तुम्ही?”

अप्पांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि कालिंदीच्या हातात दिला.

पंतांना टॅक्सीत बसवून दिलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, सोहळा झाला, आता तुम्हीही निघा. घरची माणसं वाट बघत असतील.