मोरपंखीच्या रांगेतली मोकळी जागा

प्रिय नंदा,

परवाच्या बर्फात तुझी एक मोरपंखी गेली. हे सांगायला अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात मला दुसरं कोण आहे? म्हणून लिहायला बसलो.

आर्बरव्हायटी हे नाव तुझ्या तोंडी कधी बसलंच नाही. नर्सरीत बघताक्षणी म्हणालीस, "अरे, ही तर आपली मोरपंखी. इथल्या थंडीत जगेल ना?"

जगली. शेजारच्या कॅरलचा बसायचा लाकडी डेक अगदी आपल्या किचनसमोर, गाऊनवर बाहेर जाता येत नाही, म्हणून तू मागे ती रांग लावलीस. नर्सरीवाला अंतर ठेवा म्हणत होता. इतकी दाट का लावलीस गं? दोन माणसांच्या उंचीची हिरवी भिंत झाली. हिवाळ्यात बाकी झाडांचे खराटे होतात, तुझी रांग मात्र तशीच. जमीन गोठेपर्यंत तिला पाणी घालायचीस.

तू उन्हाळ्यात गेलीस. तेव्हापासून खिडकीतून मला फक्त ती भिंत दिसते. सांता क्लाराहून रियाचा फोन येतो. "बाबा, आर यू ईटिंग?" मी येस म्हणतो. पुढे दिवसभर घरात आवाज असतो तो हीटरचा.

परवा ओला, जड बर्फ पडला आणि मधलं झाड बुंध्यातून चिरलं. काल मी फांद्या ओढत होतो, तर पलीकडे कॅरल उभी.

"नंदा इंडियाला गेलीय का?" तिने इंग्रजीत विचारलं. "सकाळी तिचं गाणं ऐकू येत नाही हल्ली."

तिला माहीतच नव्हतं. तू आता नाहीस, हे मी सांगितलं. तिने ग्लोव्ह काढला आणि त्या फटीतून माझा हात धरला.

तू पाणी घालताना गायचीस? घरात कधी गायली नाहीस. मी ऑफिसला निघून गेल्यावर गायचीस का? कॅरलने चाल गुणगुणून दाखवली, पण मला ओळखता आली नाही. कुठलं गाणं होतं, नंदा?

रिया म्हणते, स्प्रिंगमध्ये तिथे नवीन झाड लाव. मी नाही लावणार. रागावू नकोस. बाकीच्या झाडांना जमीन गोठेपर्यंत पाणी घालेन, तू घालायचीस तसंच, सकाळी. एवढं नक्की करेन. ती एक जागा मात्र मोकळी राहू दे.

तुझा,
सुधीर