आबांनी दाखवलेलं ग्रहण

छत्रपती संभाजीनगर,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय राजूदादा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, श्रेयाचे कान तिखट आहेत. वाळूजच्या आमच्या कंपनीत दरवर्षी डोळे तपासतात. यंदा दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर, अगदी मध्यभागी, जुने व्रण सापडले. मार लागला होता का, वेल्डिंग बघितलं का, घरात कुणाची नजर गेली का, डॉक्टरांनी सगळं विचारलं. मी नाही म्हणत राहिले. कारण कळल्याशिवाय ते वाढतील की नाही, सांगता येत नाही म्हणाले.

दादा, मी फार घाबरलेय. श्रेया झोपली की लेकीचं तोंड बघत बसते, उद्या दिसेल की नाही म्हणून. लहानपणी मला काही झालं होतं का? आबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
सुलेखा

चितेगाव,
१० ऑगस्ट

प्रिय सुलेखा,
जय भीम.

अगं, दिवाळीच्या सुट्टीतलं ग्रहण विसरलीस? गाव दारं लावून बसलं होतं आणि आबांनी आपल्याला शाळेच्या मैदानात भाकरी खाऊ घातली, एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य दाखवला. आपल्या घरी तो अभिमानाचा दिवस, त्याचा धोका कुणाच्या मनात येणार? मीही तपासून आलो. माझे डोळे स्वच्छ आहेत. डॉक्टरांना हे लगेच सांग. रडून डोळे आणखी खराब करू नकोस, भित्रे.

तुझा,
राजू

छत्रपती संभाजीनगर,
१६ ऑगस्ट

प्रिय दादा,
जय भीम.

सांगितलं. फिल्मही धोक्याचीच, पण असे व्रण उघड्या डोळ्यांनी बराच वेळ बघितल्यावर पडतात म्हणाले. तसं असेल तर वाढणार नाहीत. मला काहीच आठवत नाही रे. आबांना आडून विचार. माझा जीव त्यांच्या उत्तरात अडकलाय.

सुलेखा

चितेगाव,
२१ ऑगस्ट

प्रिय सुलेखा,
जय भीम.

आधी हे वाच: व्रण सूर्याचेच आहेत. वाढणार नाहीत.

ग्रहणाचं नाव काढताच आबा खाटेवर उठून बसले. म्हणाले, फिल्म एकच व्हती, ती राजूकडं. सुली लई धीट, मी तिला खांद्यावर घेतलं, दारामागच्या लोकायला हाका मारल्या, या, बघा म्हनलं, हिला काय होतंय का. ग्रहण सुटंस्तोवर माझ्या पोरीनं मान खाली घातली नाय.

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, झालं का रं तिला काय?

मी म्हणालो, नाही आबा.

लोभ आहेच, तो असाच ठेव.

तुझा,
राजू