दोन बादल्या पाणी

आई,

तुमची ताकीद मोडून दोन्ही बादल्या आज मीच भरून ठेवल्यात. रागावू नका. मी दोन दिवस ताईकडे जातेय.

काल एकटीच दवाखान्यात जाऊन आले. तीन महिने पाळी आली नाही, ती दिवस गेल्यामुळे नाही. मागच्या खेपेला गर्भ पडल्यावर पिशवी साफ केली, तेव्हा झालेल्या जखमेमुळे ती आतून चिकटली आहे. क्वचित होतं म्हणे असं. ऑपरेशन करून सोडवता येते, पण पुन्हा चिकटणार नाही याची खात्री डॉक्टरीणबाई देत नाहीत.

घरी केलेली चाचणी दोनदा नाही म्हणाली होती. पण तुम्ही स्वेटर दाखवत म्हणालात, "एक बाही झाली, दुसरी होईपर्यंत त्याला आत थोपवून धर गं!" मग माझं तोंडच उघडलं नाही.

पिशवी साफ करताना माझा हात तुम्हीच धरला होतात. तुमचा काही दोष नाही.

ह्यांना मी सांगेन. तुम्ही फक्त लोकर त्यांच्या नजरेआड ठेवा.

आणि यापुढे बादल्या मीच उचलत जाईन. मला आता ओझं उचलायला कसलीच हरकत नाही.

तुमची धाकटी सून