मुळं बघायची नसतात

शाहूपुरी, कोल्हापूर
शुक्रवार, सकाळ

ती. वर्धमानदादा यांस,
सम्मेदचा जय जिनेंद्र.

जानेवारीच्या नऊ तारखेला पावणेसात वाजता बेळगावची एसटी स्टँडवरनं हलली आणि खिडकीतला शिवलीलाचा हात दिसेनासा झाला, त्या घटकेपासून माझं सगळं फिरलं. ते पुढं सांगतो. आधी रीत म्हणून विचारतो, मावशीचा गुडघा कसा आहे? वहिनी बऱ्या ना? रोपवाटिकेला यंदा पाणी पुरतंय ना? (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणता. माझ्या दुःखाला मुद्दा नाही, नुसता विस्तार आहे. म्हणून पत्र. आण्णांच्या दुकानचा टेम्पो आज ताडपत्र्या घेऊन कोडोलीला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.)

शिवलीला कोण ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे. निपाणीची, शेतकी कॉलेजात माझ्या वर्गातली. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते मात्र तुम्हाला पूर्ण माहीत आहे, कारण आण्णांनी ते पै-पाहुण्यांत एकालाही सांगायचं बाकी ठेवलं नाही. सरांनी माझं आंब्याचं कलम सगळ्यांसमोर उपटून "ह्याच्या हातनं काय टिकत न्हाय" म्हटलं, मी खुरपं फेकलं. सरांवर नव्हे, जमिनीवर. आता ते उसळलं त्याला मी काय करू? असो. तिनं पदवी पुरी केली आणि बेळगावात नोकरी धरली. (ती लिंगायत, आपण जैन. दोन्ही घरं शाकाहारी, म्हणजे निम्मं लग्न जमलंच आहे असं मी आक्काला म्हणालो. आक्का म्हणाली, उरलेलं निम्मं तुझ्या नोकरीपाशी अडलंय.)

जाताना तिनं मला तिचा बिनमातीच्या शेतीचा टब दिला. वीस लिटरचा, आरपार दिसणारा. झाकणाला सहा भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत लेट्युसची सहा रोपं, खाली खताचं पाणी आणि त्यात हवा सोडायला माशांच्या पेटीला असतो तसला पंप. भोवतीनं काळा कागद चिकटवलेला. म्हणाली, "हे बघ सम्मेद, पानं किती बी बघत बस. मुळांना उजेड दाखवू नको. एवढं एक तरी शेवटपर्यंत कर. पाच आठवड्यांनी बहिणीच्या साखरपुड्याला येईन तवा घरी येऊन बघणार हाय." त्या 'एक तरी'वर तिनं जो भार दिला, तो अजून माझ्या छातीवर आहे.

दादा, कागद मी तिसऱ्याच दिवशी काढला.

चिडू नका. पानं काय, पानं बाजारात पण दिसतात. मुळं तिनं लावलेली होती. रोज बोटभर वाढायची, पांढरीशुभ्र, बुडबुड्यांबरोबर शेवयांसारखी हलायची. (प्रेमात पडलेल्या माणसाला शेवया आठवल्या म्हणून हसू नका. त्या दिवसांत मी नीट जेवत नव्हतो.) टब खिडकीत ठेवून मी तासन् तास समोर मांडी घालून बसायचो. ती बेळगावात काय करत असेल, कुणाबरोबर डबा खात असेल, सगळं मी त्या मुळांना विचारत होतो. तिला फोटो पाठवायचो ते वरून, पानांचे. ती विचारायची, "मुळं झाकलीत न्हवं?" मी लिहायचो, "व्हय."

दहाव्या दिवशी पाणी हिरवं झालं. उजेड आणि खत एकत्र मिळाल्यावर शेवाळ काय माझ्या विरहाचा मान ठेवणार? रोपांचं खत ते खाऊ लागलं, मुळं बुळबुळीत तपकिरी पडली. मी टब मोरीत ओतायला उचलला तर आक्का आडवी. "शेवाळात अनंत जीव असत्यात. मोरीत ओतायचं न्हाय. दुहेरी फडक्यानं गाळून घे आणि फडक्यावरचं शेवाळ जिथलं पाणी तिथं नेऊन सोड." आता हे विहिरीच्या काळात ठीक होतं. आपलं पाणी नळाचं. मी विचारलं, नळात सोडू का? तिनं थंडपणे सांगितलं, नळ नदीवरनं येतो. म्हणून मी हिरवी कळशी घेऊन पंचगंगेवर गेलो. घाटावर एक पैलवान अंग पुसत होता. म्हणाला, "पावणं, काय चाललंय?" मी खरं ते सांगितलं, की जीव सोडायला आलोय. दादा, त्यानं माझा दंड असा धरला की अजून वळ आहे. पायरीवर बसवून अर्धा तास समजूत घातली आणि शेवटी विचारलं, "पोरगी कुठली?" मी म्हणालो, निपाणी. तर म्हणाला, "मग जरा वाट बघावी लागंल."

घरी येऊन टब घासला, नवं पाणी भरलं, वर्तमानपत्र गुंडाळलं. दोन दिवसांत ते भिजून लगदा झालं. मग आण्णांच्या जुन्या छत्रीचं काळं कापड. उजेड अडला, पण मी टब खिडकीतच ठेवला होता. काळ्यानं ऊन ओढून घेतलं आणि पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं. एकापाठोपाठ चार रोपं माना टाकून गेली. उरली दोन.

तुम्ही म्हणाल, बाप ताडपत्रीचा दुकानदार आणि पोरगं छत्री फाडतंय? खरं आहे. पण दिवाळीपासून आण्णा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. जेवताना आक्कामार्फत चालतं. "त्याला विचार, भाकरी पायजे का." मी तीन फुटांवर. "त्यांना सांग, अर्धी." अशा माणसाकडं ताडपत्री कशी मागू?

गेल्या शनिवारी उठलो तर टबाला बरोबर बसणारी खोळ घातलेली. आतनं काळी, बाहेरनं पांढरी, कडा शिवलेल्या, रिकाम्या चार भोकांवर रबराच्या चकत्या. आण्णा आक्काला म्हणत होते, "त्याला सांग, पांढरी बाजू भाईर. ऊन परतवती." मी टब खिडकीतनं कोपऱ्यात नेला, नुसती पानं उजेडाकडं केली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

मावशीला नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुमचा,
सम्मेद

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. शिवलीला आज दुपारी दोनला स्टँडवर उतरतेय. तुमच्या रोपवाटिकेत लेट्युस असतं. त्यातली पाच आठवड्यांची, पांढऱ्या मुळांची चार रोपं परतीच्या टेम्पोत द्या. मी भोकांत बसवून टाकतो. तिला कळणार नाही. माझं सगळं आता तुमच्या हातात आहे.

ता. क. दुसरा. रोपं पाठवू नका.

पत्र न्यायला आण्णा स्वतः वर आले. "टेम्पो निघालाय, दे." मला म्हणाले, आक्काला नव्हे. मग टबाकडं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. पत्र मी पाठीमागं धरलं होतं, तरी ताडपत्री विकणाऱ्याला झाकलेलं ओळखू येतं. म्हणाले, "चार गेली म्हणावं. दोन हायत म्हणावं." आणि जिना उतरून गेले.

मी तिला फोन केला. चार मेली, कागद मीच काढलता, मुळं बघावीशी वाटत होती, सगळं एका दमात. ती गाडीतच होती. मागं इंजिनाची घरघर. मग म्हणाली, "का बघावीशी वाटत होती?" मी म्हणालो, तू लावली होतीस म्हणून. मग, "उरल्याल्या दोन्हीला नवी पांढरी मुळं आलीत का?" मी म्हणालो, माहीत न्हाय, शनिवारपासनं उघडलं न्हाय. "मग उघडू नको. मी आल्यावर बघू. स्टँडवर ये, लवकर ये."

लवकर म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आत्ता अकरा वाजलेत. खाली ड्रायव्हर हॉर्न देतोय. मगाशी हात झाकणापर्यंत गेला होता दादा, खोटं कशाला बोलू. काढून घेतला. पत्र टेम्पोत टाकतो, तसाच पुढं स्टँडवर जातो. चप्पल घातली आहे. दार ओढून घेतोय.